सूचनाफलकावर टाचलेला हक्क

“मुदतीनंतर आलेले अर्ज स्वीकारले जाणार नाहीत व होणाऱ्या नुकसानीस विद्यार्थी स्वतः जबाबदार राहील.”

तालुक्याच्या ठिकाणच्या कोणत्याही कला-वाणिज्य महाविद्यालयात जा. व्हरांड्यातल्या काचेच्या फळ्यावर शिष्यवृत्तीची सूचना शोधा आणि तिचे शेवटचे वाक्य वाचा. ते हेच असते. गेली आठ-नऊ वर्षे आम्ही बीड जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यात विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे काम करतो आहोत. या काळात प्राचार्य बदलले, लिपिक बदलले, पोर्टलची रूपे बदलली. हे वाक्य मात्र जागचे हलले नाही. शासनाचा निधी, महाविद्यालयाची यंत्रणा, समाजकल्याण विभागाची तपासणी, बँकेची जोडणी एवढ्या सगळ्यांच्या मधोमध उभा असलेला अठरा वर्षांचा पोरगा, आणि जबाबदार कोण, तर तो एकटा!

समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्ही बोर्द्यूचे ‘सांस्कृतिक भांडवल’ परीक्षेत मार्कांपुरते लिहिले होते. ते खरे समजले या फळ्यासमोर. ज्याच्या घरात कोणी नोकरदार आहे, त्याला फळा वाचावाच लागत नाही. त्याला जूनमध्येच घरी सांगितले जाते, कोणता दाखला काढायचा, कोणाला भेटायचे. फळा असतो तो ज्याला सांगणारे कोणी नाही त्याच्यासाठी. आणि नेमका त्यालाच तो वाचता येत नाही. अक्षर येत नाही म्हणून नव्हे. ‘विहित नमुन्यात’, ‘सक्षम प्राधिकाऱ्याचे’, ‘नूतनीकरण’, ‘प्रलंबित’ या शब्दांमागे काय करायचे असते हे त्याला आजवर कोणी दाखवलेले नसते म्हणून.

आम्ही एक साधी गोष्ट करून पाहिली. आमच्या ओळखीच्या मुलामुलींना विचारले, की वर्षभरात कोणत्या सूचना शिपाई वर्गात वही घेऊन आला आणि सरांनी मोठ्याने वाचून दाखवल्या? उत्तरे ठरलेली. परीक्षा शुल्काची शेवटची तारीख, तीही विलंब शुल्काच्या आकड्यासह. स्नेहसंमेलन. संस्थेच्या अध्यक्षांचा वाढदिवस, त्यानिमित्त रक्तदान शिबिर आणि त्याला हजेरी सक्तीची. कोणत्या सूचना फक्त फळ्यावर लागल्या? शिष्यवृत्तीचे अर्ज, त्रुटीत परत आलेल्या अर्जांची यादी, ‘कमवा आणि शिका’, बार्टीचे स्पर्धा परीक्षा प्रशिक्षण, शासकीय वसतिगृहाचे प्रवेश. म्हणजे विद्यार्थ्याकडून घ्यायचे असते ते वाचून दाखवले जाते, आणि विद्यार्थ्याला द्यायचे असते ते टाचणीने टाचले जाते. यामागे कोणी बसून कट रचला आहे असे आम्ही म्हणत नाही. कटाची गरजच नाही, सवय पुरेशी आहे.

वाचून दाखवले जाते तेव्हा कसे, तेही बघा. “वर्गातल्या बी.सी. विद्यार्थ्यांनी तासानंतर ऑफिसात भेटावे.” एवढे एक वाक्य, आणि साठ जणांच्या माना वळतात. बी.ए. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आम्हाला म्हणाली, “दादा, मी त्या दिवशी उठलेच नाही. पहिल्या बाकावरच्या मैत्रिणीला माझी जात माहीत नव्हती.” तिचा अर्ज त्या वर्षी राहिला. कार्यालयाच्या नोंदीत ती ‘संपर्क न साधलेली’ विद्यार्थिनी. मंडळी, याला संपर्क न साधणे म्हणायचे का? त्याच वर्गात इतर मागासवर्गीय, भटके-विमुक्त, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, अल्पसंख्याक अशा कितीतरी मुलांना या ना त्या योजनेची शुल्कसवलत लागू असते. सगळ्या योजना एकत्र, सगळ्या वर्गांत वाचल्या तर कोणाचीच मान वळणार नाही. यासाठी खर्च शून्य. पण ‘स्कॉलरशिप म्हणजे बी.सी.’ हे समीकरण कार्यालयात इतके घट्ट बसले आहे, की उरलेल्या योजनांना ते स्कॉलरशिप म्हणतच नाहीत.

ही सवलत म्हणजे कोणाची मेहरबानी नाही, याचा इतिहास आपल्या तरुणांना पाठ असायला हवा. बाबासाहेबांनी १९४२ मध्ये व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. त्यात उच्च शिक्षणासाठी सरकारी मदतीची मागणी होती. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. देश स्वतंत्र होण्याआधीपासूनचा हा हक्क आहे. फळ्यावर त्याचे नाव मात्र ‘सुवर्णसंधी’ असे लिहितात. संधी असते तेव्हा ती साधणारा हुशार आणि चुकवणारा निष्काळजी ठरतो. हक्क असेल तर तो न पोहोचवणाऱ्याला जाब विचारता येतो. शब्द बदलला की जबाबदार माणूस बदलतो.

आणि खुद्द बाबासाहेबांना शिष्यवृत्ती कशी मिळाली? कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेला मुलगा हेरला. इंटर झाल्यावर पुढच्या शिक्षणाची पंचाईत झाली, तेव्हा त्यांनीच सयाजीराव महाराजांपर्यंत त्याची गोष्ट नेली. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि एल्फिन्स्टनमधले बी.ए. पूर्ण झाले. पुढे १९१३ मध्ये कोलंबियाला जाण्याचा योग आला तोही महाराजांच्या प्रत्यक्ष भेटीतून, दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याच्या करारावर. बडोद्याच्या दरबारात सूचना लागली असेल-नसेल, पण तिच्यापर्यंत भीमरावाला नेणारा एक माणूस होता. आपल्या महाविद्यालयांत आज योजना भरपूर आहेत, केळुसकर नाहीत.

आता अर्जाच्या वेळेचे पाहू, कारण आमच्या भागातली खरी अडचण तिथे आहे. आमच्याकडे दसरा-दिवाळीला टोळ्या ऊसतोडीला निघतात. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. महाविद्यालयातली शिष्यवृत्तीची धावपळ ऐन याच दिवसांत रंगात येते. उत्पन्नाचा दाखला काढायचा, तर वडील कोपीवर. तलाठ्याचा अहवाल, तहसीलचा दाखला, रेशनकार्ड, वडिलांची सही. आधारला जोडलेला मोबाइल वडिलांच्या खिशात, आणि वडील फडात. ओटीपी येतो तेव्हा ते मोळी बांधत असतात. दहा मिनिटांत तो बाद होतो. पोरगा सायबर कॅफेत बसून फोन लावत राहतो, कॅफेवाला दर वेळेचे पैसे घेतो. आम्ही एका मुलाचा अर्ज रात्री साडेदहाला भरला, कारण तेव्हाच त्याच्या वडिलांचा फोन चार्ज झाला होता. यात विद्यार्थ्याची कोणती हयगय?

पैसे मंजूर होऊनही मिळत नाहीत, तो आणखी एक प्रकार. शाळेत असताना उघडलेले जुने खाते बंद पडलेले असते, आधार भलत्याच खात्याशी जोडलेला असतो आणि रक्कम तिकडे जाते किंवा अडकते. ‘बँकेत जाऊन या’ यापलीकडे कार्यालय सांगत नाही. खात्याला आधार क्रमांक देणे वेगळे आणि थेट लाभासाठी ते खाते जोडणे वेगळे, हे आम्हालाही बँकेच्या एका भल्या कर्मचाऱ्यानेच समजावले. तेव्हापासून आम्ही अर्जाच्या आधी बँक, हा क्रम धरला आहे. बौद्ध मुलांची आणखी एक गाठ असते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक धर्म, जातीच्या दाखल्यावर दुसरा. बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही लागू झाल्या त्या १९९० च्या दुरुस्तीने. त्याला इतकी वर्षे झाली, तरी खिडकीवरचा माणूस ‘तुम्ही नक्की कोण?’ असे विचारतोच. अशा वेळी गोंधळून जाऊ नका. दुरुस्तीचे वर्ष सांगा आणि दाखला पुढे करा.

फळ्यावर जे लागते त्यापेक्षा जे लागत नाही ते अधिक बोलके आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत ‘फ्रीशिप कार्ड’ची तरतूद आहे. पात्र विद्यार्थ्याने शिकवणी शुल्क आधी न भरता प्रवेश घ्यावा, हा तिचा अर्थ. ही सूचना आम्ही आजवर आमच्या भागातल्या एकाही फळ्यावर पाहिली नाही. उलट “आधी फी भरा, स्कॉलरशिप आली की परत नेऊन देऊ” हे तोंडी सांगितले जाते. तोंडी, कारण लेखी दिले तर अंगाशी येईल. ज्या घरात ती रक्कम जमवायला मुकादमाकडून उचल वाढवून घ्यावी लागते, तिथे हे एक तोंडी वाक्य मुलीचे शिक्षण बारावीवर थांबवते. ‘समान संधी कक्ष’ अशी पाटी मात्र बहुतेक ठिकाणी आहे. एका महाविद्यालयात आम्ही तो कक्ष उघडायला लावला. आत व्हॉलीबॉलची जाळी आणि मागच्या निवडणुकीच्या मतदान केंद्राचे सामान होते.

‘कमवा आणि शिका’बद्दल तर स्वतंत्र लिहावे लागेल. कर्मवीर भाऊरावांच्या विचारातून आलेली ही योजना आम्हाला प्रिय आहे, श्रमाची लाज आम्हाला कधीच नव्हती. पण ग्रंथालयातले आणि संगणक कक्षातले काम कोणाला मिळते आणि मैदान झाडण्याचे, झाडांना पाणी घालण्याचे काम कोणाला, याची यादी एकदा मागून पाहा. यादीतली आडनावे वाचायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

इथवर महाविद्यालयाला बोललो. आता थोडे आपल्याला. आपल्या प्रत्येक गावात जयंतीची समिती आहे, वर्गणीची पावतीपुस्तके आहेत, डीजेचा हिशेब रुपयापर्यंत चोख आहे. जयंती व्हावी, दणक्यात व्हावी. आम्हीही तिच्यात नाचलो आहोत. पण त्या समितीतल्या किती जणांना आपल्या गावातून या वर्षी किती मुले अकरावीच्या पुढे गेली आणि त्यांतल्या कितींचे अर्ज भरले गेले, हा आकडा सांगता येईल? व्हॉट्सॲपवर तर माहितीचा पूर आहे. शासन निर्णयाची अठरा पानांची पीडीएफ येते, खाली ‘जास्तीत जास्त शेअर करा’. वीस गटांत ती फिरते, आणि पुढे पाठवणाऱ्यानेही उघडलेली नसते. कित्येकदा तारीख मागच्या वर्षाची निघते. हा आपलाच सूचनाफलक झाला की! महाविद्यालयाचा टाचणीचा, आपला मोबाइलचा.

आम्ही आणि आमचे पाच-सहा सहकारी जुलैपासून दर रविवारी विहारात एक लॅपटॉप घेऊन बसतो. वंदना झाली की सतरंजीवरच काम सुरू. टोळ्या निघण्याआधी, म्हणजे पोळ्याच्या सुमारास, आईवडील गावात असतात. तेव्हाच उत्पन्नाचा दाखला, आधारची जोडणी, बँकेचे काम उरकून घेतो. शक्य तिथे मुलाच्या स्वतःच्या नावाचा मोबाइल क्रमांक आधारला जोडून घेतो, म्हणजे ओटीपीसाठी फडात फोन लावायला नको. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही, की त्याच आठवड्यात ‘स्वाधार’चे कागद काढायला लावतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१७ साली सुरू झाली. वसतिगृह न मिळालेल्या मुलामुलींना भोजन, निवास आणि निर्वाह मिळून मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये असे तिचे मूळ दर. शहरात खोली घेऊन शिकण्याची हिंमत करावी की करू नये, हे ठरवणारा हा आकडा आहे. पण वसतिगृहाची यादी लागल्यावर निराश होऊन गावी परतलेल्या मुलाला तो कळायला हवा, आणि तोही वेळेत.

बी.ए. करणाऱ्या, घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याचा निर्वाह भत्ता वर्षाला तीन हजार रुपये आहे. “एवढ्याशासाठी एवढी धावपळ?” असे शहरातले एक प्राध्यापक मित्र आम्हाला म्हणाले. तीन हजारांत आमच्याकडे एसटीचा पास आणि परीक्षा शुल्क निघते, एवढेच त्यांना सांगितले. शिवाय अर्ज राहिला तर केवळ भत्ता जात नाही, फीची सवलतही जाते, आणि पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी ‘मागच्या वर्षीचे काय?’ हा प्रश्न उभा राहतो. एक चुकलेली तारीख पदवीची तिन्ही वर्षे खाते.

या जूनमध्ये आम्ही आमच्या तालुक्यातल्या एका महाविद्यालयाला लेखी निवेदन दिले. सर्व योजनांच्या सूचना सर्व वर्गांत वाचून दाखवाव्यात आणि सूचनावहीवर शिक्षकाची सही असावी. अर्जातल्या त्रुटीची यादी जातीच्या रकान्याशिवाय लावावी आणि विद्यार्थ्याला फोनवरही कळवावे. फ्रीशिप कार्डाची सूचना प्रवेशाच्या खिडकीवर लावावी. आणि ‘विद्यार्थी स्वतः जबाबदार राहील’ या वाक्याच्या जागी संबंधित लिपिकाचे व नोडल शिक्षकाचे नाव आणि बसण्याची वेळ लिहावी. प्राचार्यांनी निवेदन शांतपणे वाचले. पहिल्या दोन गोष्टी लगेच मान्य केल्या, आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून वही वर्गात फिरू लागली आहे. फ्रीशिपचा विषय संस्थेच्या बैठकीत ठेवतो म्हणाले. शेवटच्या मागणीवर ते हसले आणि म्हणाले, “नाव लिहिले की लोक त्याच माणसाला येऊन विचारतील.”

निवेदनाची पोच आमच्याकडे आहे. संस्थेची बैठक ऑगस्टमध्ये आहे.