पापणीवाल्या पाली

पंचांगात पल्लीपतनाचं कोष्टक असतं. पाल अंगावर कुठे पडली तर काय फळ, याची त्यात यादी. साताऱ्याला आमच्या घरी आजी ते मनापासून मानायची, आणि बोलता बोलता भिंतीवरची पाल चुकचुकली की जमिनीवर बोट टेकवून ‘कृष्ण कृष्ण’ म्हणायची. मला मात्र पालीचं भय कमी आणि कुतूहल जास्त. ट्यूबलाइटमागून निघून, छतावर उलटी धावत ती किडे टिपायची ते मी तासन् तास बघत बसे. तिचे पाय भिंतीला कसे चिकटतात, हे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकतानाही कुणी नीट सांगितलं नाही. ते कोडं पुढे 2002 मध्ये केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडलं. बोटांखालच्या लाखो सूक्ष्म केसांची टोकं भिंतीच्या इतकी जवळ जातात, की रेणूरेणूंमधलं क्षीण आकर्षणच तिला पेलून धरतं. त्यात ना गोंद, ना शोषण.

दुसरी पाल मला भेटली ती मामाच्या मुरमाड रानात. बांध घालताना गड्यांनी एक दगड उलथला आणि खाली ती होती: जाडसर, पट्ट्यापट्ट्यांची, गुबगुबीत शेपटीची. उजेड पडताच तिनं डोळे मिटले. घरातली पाल कधी डोळे मिटत नाही, तिला पापणीच नसते. डोळ्यावरचं पारदर्शक आवरण ती जिभेनं चाटून साफ करते. ही मात्र पापण्या मिटून बसली होती. ‘विषारी आहे’ म्हणत कुणीतरी टिकावाचा दांडा घातला. पश्चिम भारतात, आपल्या महाराष्ट्रातही सापडणारी ती युब्लेफॅरिस फस्कस, हे मला फार उशिरा कळलं. तिच्यात विषाचा थेंबही नसतो. त्या मरणाचं वाईट मला आजही वाटतं.

नोकरीनं मला ॲरिझोनात, टूसानला आणलं. खरोखर विषारी असलेला सरडा, हीला मॉन्स्टर, राहतो तो इथल्या वाळवंटात, आणि त्याला या राज्यात 1952 पासून कायद्याचं संरक्षण आहे. माझ्या ओसरीच्या दिव्यापाशी भूमध्य प्रदेशातून आलेली हेमिडॅक्टिलस वंशाची पाल असते, म्हणजे साताऱ्याच्या भिंतीवरच्या पालीची भावकीच. परसातल्या दगडांखाली इथली मूळची बँडेड गेको. तिलाही पापण्या आहेत. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा मामाचं रान डोळ्यांपुढे उभं राहिलं.

म्हणूनच शिक्षण संपवून गावी निघालेल्या एका विद्यार्थ्यानं आपल्या दोन पाली घेता का विचारलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. काचेची एक पेटी, तळाला वाळू, वर दिवा. ‘दोन्ही डेझर्ट गेको आहेत,’ असं दुकानदारानं त्याला सांगितलं होतं. तेवढ्या माहितीवर दोन जीव एका वाळूत ठेवले गेले होते.

मी दोघींना वेगळ्या डब्यांत ठेवलं आणि भिंग घेऊन बसले. दोघींना पापण्या, दोघींच्या बोटांना नख्या, चिकटणाऱ्या गाद्या नाहीत. म्हणजे काच चढता येणार नाही, लपायच्या जागा जमिनीलगतच हव्यात. इथवर दोघी सारख्या. पुढे मात्र त्यांचं जुळेना. मोठी पिवळसर, अंगभर काळे ठिपके, पाठीवर बारीक पुटकुळ्या, करडे डोळे आणि त्यात उभी फट. ही लेपर्ड गेको, युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस. एडवर्ड ब्लाइथ यांनी 1854 मध्ये पंजाबच्या मिठाच्या डोंगररांगेतल्या नमुन्यावरून तिचं वर्णन केलं. मामाच्या रानातल्या पालीची सख्खी चुलत बहीण! धाकटीची कातडी मखमली, अंगावर तपकिरी रुंद पट्टे, डोळे काळेभोर, शेपूट आखूड आणि कंदासारखी. ही आफ्रिकन फॅट-टेल्ड गेको, सेनेगलपासून पूर्वेकडे पसरलेल्या पश्चिम आफ्रिकेतली, आणि वाळवंटाशी तिचा संबंध फार कमी. ती दिवस काढते पालापाचोळ्याखाली, बिळांत, जिथे ओल टिकते.

नाव शोधणं हा हौशी लोकांचा छंद आहे असं पुष्कळांना वाटतं. माझं म्हणणं वेगळं आहे. धाकटीला टूसानच्या कोरड्या हवेत, दिव्याखालच्या वाळूवर ठेवलं होतं, त्याचा परिणाम तिच्या पायांवर दिसत होता. कात पूर्ण सुटलीच नव्हती. मागच्या पायाच्या दोन बोटांवर जुन्या कातीची कडी दोऱ्यासारखी आवळली होती आणि पुढचं टोक काळसर पडायला लागलं होतं. अशी कडी राहिली की रक्त थांबतं आणि बोट गळतं. कोमट पाण्यात तिला बोटं बुडतील एवढंच उभं केलं, वर झाकण ठेवलं, आणि वाफेनं कात मऊ झाल्यावर ओल्या कापसाच्या काडीनं कडी हळूहळू सोडवली. ओढायची नाही, लोटायची. एक सुटली, दुसरी दुसऱ्या दिवशी. ती जराही चावली नाही, फक्त एकदा मोठ्यानं चिरकली.

धाकटीच्या पेटीत आता नारळाच्या काथ्याचा भुसा आणि मातीचं मिश्रण आहे, आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास. थोरलीची पेटी कोरडी, दगडी, पण तिलाही कात टाकण्यापुरती ओल्या शेवाळाची एक गुहा दिली. सुटलेली कात ती स्वतःच खाऊन टाकते. उबेची बाजू दोघींना साधारण 32 अंश, दुसरी 25. दिवा आणि हीटर थर्मोस्टॅटवरच, कारण अन्न पचायला त्यांना बाहेरची ऊब लागते आणि जास्त झाली तर त्या भाजतात. सैल वाळू काढून टाकली. किड्याबरोबर पोटात गेली तर आतडं तुंबतं. रातकिड्यांना कॅल्शियमची भुकटी फासून देते, नाहीतर हाडं मऊ होऊन पाय वाकतात. विष्ठा तपासायला पशुवैद्याकडे दिली. दोघींना एकत्र परत ठेवलं नाही आणि ठेवणारही नाही.

थोरली शिकार करते ते पाहण्यासारखं असतं. रातकिडा दिसला की ती पाय लांब करून उंच होते, मान पुढे काढते आणि शेपटीचं टोक थरथरवते. मग एकच झेप.

पिवळ्या रंगाच्या हौसेपायी या जातीचं माणसानं काय केलं, तेही इथे सांगायला हवं. ‘लेमन फ्रॉस्ट’ नावाचा अतिशय देखणा वाण वाढवला गेला, आणि त्यातल्या पुष्कळ पालींच्या कातडीवर गाठी येऊ लागल्या. 2021 मध्ये लिओनिड क्रुग्लियाक यांच्या चमूनं दाखवलं, की तो रंग आणि त्या गाठी एकाच जनुकापाशी येऊन मिळतात. विकत घेणाऱ्याला रंग दिसतो. गाठी पुढे पाल सोसते.

लेपर्ड गेको नीट ठेवली तर पंधरा-वीस वर्षं जगते. माझ्या वयाला हा हिशेब लहान नाही. भाचीला विचारलं, ती हो म्हणाली, पण तिनं सगळं लिहून मागितलं. वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर तापमान नाही, खाणं नाही. दोघींच्या डोळ्यांची, कातडीची आणि शेपटीची चित्रं आहेत, शेजारी शेजारी. तिला आधी कुठली कोण ते कळू दे.