झाकलेलं काम

पायाचं काम बघायला कुणी येत नाही. चौतीस वर्षं मी पुण्यात इमारतींचे पाये घातले. खड्डा खणायचा, पाणी उपसायचं, सळई बांधायची, काँक्रीट ओतायचं आणि शेवटी मुरूम भरून सगळं बुजवायचं. वास्तुशांतीला आलेली माणसं फरशी आणि गॅलरी पाहून जातात. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण जमिनीखालचं एखादं मोठं काम आतून फिरून पाहावं, ही इच्छा मात्र होती. निवृत्तीनंतर लंडनला मुलीकडे गेलो आणि ती पुरी झाली.

"बाबा, आधी राजवाडा की म्युझियम?" तिनं विचारलं.

"भुयारी रेल्वे," मी म्हटलं. तिनं एक दिवस रजा टाकली.

सुरुवात बेकर स्ट्रीटपासून केली. जगातली पहिली भुयारी रेल्वे १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी सुरू झाली, तिच्या वाटेवरचं हे स्थानक. पाच आणि सहा क्रमांकाच्या फलाटांवर आजही ती जुनी विटांची कमान डोक्यावर आहे. रस्ता उकरायचा, दोन्ही बाजूंना भिंती उभारायच्या, वर कमान वळवायची आणि माती लोटून पुन्हा रस्ता करायचा, अशी ती पद्धत. भिंतींत ओळीनं तिरके कोनाडे आहेत. गाड्या वाफेवर चालत, तेव्हा त्यांतून उजेड खाली यायचा आणि धूर वर जायचा. मी विटांच्या सांध्यांवरून बोटं फिरवली. वरून मेरिलबोन रोडची वाहतूक चालू होती आणि दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीची ती कमान तिचा भार वाहत होती. गवंड्यानं प्रत्येक वीट नीट बसवली होती, म्हणून.

तिथून ज्युबिली लाइननं वेस्टमिन्स्टर. सरकत्या जिन्यावर पाऊल ठेवलं आणि बोलायचंच विसरलो. जुन्या स्थानकाखालचा हा ज्युबिलीचा भाग १९९९ साली खुला झाला; तो मायकेल हॉपकिन्स यांनी रचला. जवळजवळ ३९ मीटर खोल खड्डा, म्हणजे बारा मजली इमारत जमिनीत उतरवावी तसा. एवढ्या खोलीवर चहूबाजूंची माती भिंतींना आत रेटत असते. तो रेटा पेलायला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भलेमोठे आडवे टेकू दिलेले आहेत आणि सरकते जिने त्यांच्यामधून खालीवर जातात. आमच्या साईटवर तळघराचे स्लॅब पडले की टेकू काढून घेतात. इथं ते कायमचे आहेत आणि कुठल्याही छताआड दडवलेले नाहीत. खांब, तुळई, टेकू, कोण कुठला भार घेतंय ते सरळ वाचता येतं. मी मुलीला एकेक दाखवत गेलो. माझं काम नेमकं काय होतं, ते बहुधा त्या दिवशी तिला पहिल्यांदा कळलं.

खड्ड्याच्या अगदी जवळ बिग बेनचा मनोरा आहे. शेजारी खोल खणलं की माती सैल होते आणि वरची इमारत कलते. म्हणून ज्युबिलीचे दोन फलाट शेजारी न ठेवता एकाखाली एक घेतले; बोगदे मनोऱ्यापासून तेवढे लांब राहिले. मनोऱ्याच्या पायाखालच्या मातीत आधीच आडव्या नळ्या घालून ठेवल्या होत्या. कल सतत मोजायचा आणि लागेल तिथं, लागेल तेवढंच ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, दाबानं सोडायचं. वरच्या जुन्या मार्गावरच्या गाड्याही या काळात चालूच होत्या.

हे पाहताना मला सदाशिव पेठेतली एक साईट आठवली. आमच्या खड्ड्यालगतच्या जुन्या वाड्याच्या भिंतीला एकदा केसाएवढी भेग गेली. काम थांबवून आम्ही टेकू वाढवले. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून मी रोज सकाळी ती तडकली का, ते पाहायचो. वाड्यातल्या आजी दारात उभ्या राहून विचारायच्या, "पडणार नाही ना रे बाळा?" वेस्टमिन्स्टरच्या त्या नळ्या आणि माझी ती काचेची पट्टी, दोन्ही एकाच प्रश्नाचं उत्तर देत होत्या.

शेवटी कॅनडा वॉटरला गाडी बदलून रॉदरहाइथ आणि तिथून वॉपिंग. या दोन स्थानकांमध्ये गाडी थेम्सखालून जाते, ती मार्क ब्रुनेल यांच्या बोगद्यातून. वाहतुकीच्या नदीखालून काढलेला हा जगातला पहिला बोगदा. काम १८२५ साली सुरू झालं आणि बोगदा खुला झाला १८४३ साली. ब्रुनेल यांनी लोखंडी ढाल बनवली होती, तिला ३६ कप्पे. प्रत्येक कप्प्यात एक मजूर. समोरची एक फळी काढायची, चार-साडेचार इंच माती खणायची, फळी पुढे घट्ट बसवायची, मग दुसरी. मागून गवंडी विटांचं बांधकाम करत येत. १८२८ च्या जानेवारीत नदी आत घुसली, सहा माणसं गेली. ब्रुनेल यांचा मुलगा इझम्बार्ड थोडक्यात वाचला. पुढे सात वर्षं काम बंद होतं.

वॉपिंगच्या फलाटाच्या टोकाला घोड्याच्या नालेसारख्या दोन कमानी दिसतात. मी तिथं उभा राहून हात जोडले. नदीखालच्या अंधारात फळीफळीनं पुढे सरकलेल्या माणसांसाठी दुसरं काय करणार?

पुण्यात आता मंडईला जायचं असलं की मी जिल्हा न्यायालय स्थानकावर मेट्रो पकडतो. कसबा पेठ यायच्या आधी गाडी मुठेखालून जाते, मग जुन्या पेठांखालून. वरच्या एखाद्या वाड्यात कुणी आजी दुपारची आडवी झाली असेल. खालून गाडी गेल्याचं तिला कळतही नसेल. तिची झोप मोडू नये, यासाठीच तर खाली एवढं सगळं केलेलं असतं.