हिरवळीला भोकं पाडायचं यंत्र

सध्या मुक्काम लेकीकडे, ओहायोत. कोलंबस शहराच्या बाहेर त्यांचं घर आहे आणि घराभोवती अर्धा एकर हिरवळ. अर्धा एकर म्हणजे आपले 20 गुंठे! एवढ्या जागेत माझ्या माहेरी घरापुरतं कडधान्य निघायचं. इथे निघतं ते गवत, आणि ते कापायला पुन्हा पेट्रोल. असो. हा विषय काढला की लेक "आई, पुरे" म्हणते.

तर सप्टेंबर आला आणि जावयांनी एरेटर आणायचं ठरवलं. मला आधी वाटलं काहीतरी हवा भरायचं यंत्र असेल. तसं नाही. इथली माती चिकण. माणसांच्या पायांनी, गवत कापायच्या यंत्राच्या चाकांनी ती दबून घट्ट होते. मग पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. एरेटरच्या चाकांना पोकळ दात असतात. ते जमिनीत दोन-तीन इंच घुसतात आणि मातीची बोटाएवढी गुल्ली उपसून वर टाकतात. काम झाल्यावर हिरवळ अशी दिसते की रात्रभर शेळ्यांचा कळप बसून गेलाय! त्या लेंड्या पावसापाण्याने दोनेक आठवड्यांत विरून जातात. इथलं गवत थंड हवेचं, उन्हाळ्यात पेंगणारं आणि शरदात जोम धरणारं, म्हणून हे काम सप्टेंबरात करायचं.

यंत्र होतं जावयांच्या मित्राकडे, चार मैलांवर. मित्र म्हणाला, गाडीमागे जोड आणि ने हळूहळू. मी मराठी घेऊन बीए झालेली, यंत्रातलं मला काय कळणार! पण छापलेलं वाचायला कोणाची बंदी नाही. यंत्राची पुस्तिका मी चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचली. हे यंत्र गवत कापायच्या छोट्या ट्रॅक्टरमागे, हिरवळीवर, सावकाश ओढायचं. रस्त्यासाठी ते नाहीच. लहानशी चाकं, ना दिवा ना ब्रेक. मी ते जावयांना वाचून दाखवलं. "अहो, वीस डॉलर जाऊ द्या, ट्रेलर भाड्याने आणा." त्यांनी आणला. जावई गुणी आहेत, सासूचं ऐकतात.

ट्रेलर जोडणं हेही एक शास्त्र आहे बरं का. गाडीच्या मागे लोखंडी गोळा असतो आणि ट्रेलरच्या दांड्याला वाटी. दोन्हींवर माप कोरलेलं असतं आणि ते जुळायलाच हवं. गोळा थोडा लहान असला तरी वाटीत बसल्यासारखा वाटतो, आणि खड्ड्यात चाक गेलं की उडून बाहेर येऊ शकतो. खटका लावल्यावर जावयांनी ट्रेलरचा जॅक फिरवून दांडा वर उचलला. त्याबरोबर गाडीची मागची बाजूही उचलली गेली, म्हणजे पकड पक्की. मग दोन साखळ्या दांड्याखालून फुलीसारख्या लावल्या. वाटी सुटलीच तर दांडा रस्त्यावर न आपटता त्या फुलीत अडकतो. यंत्र दोघांनी मिळून वर चढवलं, जरा पुढच्या बाजूला ठेवलं, कारण वजन मागे गेलं की ट्रेलर शेपटीसारखा हलतो. चारी बाजूंनी पट्टे आवळले. एक मैलावर थांबून पट्टे पुन्हा तपासले. ते मी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच केलं.

घरी आल्यावर यंत्र छोट्या ट्रॅक्टरला जोडायचं. इथे गोळाबिळा काही नाही. ट्रॅक्टरच्या पट्टीला भोक, यंत्राच्या दांड्याला भोक, दोन्हींतून वरून पिन घालायची आणि पिनेच्या खालच्या भोकात एक क्लिप अडकवायची, बायकांच्या केसातल्या पिनेसारखी. ती क्लिप मित्राकडेच राहिली होती. जावई म्हणाले, "आई, तार गुंडाळतो, अर्ध्या तासाचं काम आहे."

मी नको म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असावं, कारण लेक स्वयंपाकघरातून बाहेर आली.

1986 साली मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात शिकवत होते. गळिताचा हंगाम होता. एका ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, आणि मागच्या ट्रॉलीच्या पिनेला अशीच तार. शाळेजवळच्या चढावर तार तुटली, पिन उसळली आणि भरलेली ट्रॉली उलटी खाली आली. शाळा नुकतीच सुटलेली. माझ्या सातवीच्या वर्गातला एक मुलगा गेला. पुढे वर्षअखेरपर्यंत हजेरी घेताना त्याच्या नंबरावर मी थांबायची. मुलंही थांबायची. कोणी काही बोलायचं नाही.

हे मी लेकीलाही कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी अंगणात उभ्या उभ्या सांगितलं. जावई काही न बोलता गाडी काढून दुकानात गेले आणि क्लिपा घेऊन आले.

पुढचं काम मजेचं. आदल्या दिवशी हिरवळीला पाणी दिलेलं होतं, कोरड्या मातीत दात घुसत नाहीत. पाण्याच्या फवाऱ्यांची तोंडं जमिनीत दडलेली असतात, तिथे नातीने लाल झेंड्या रोवल्या. दात रुतावेत म्हणून यंत्राच्या ट्रेमध्ये सिमेंटचे ठोकळे ठेवून बांधले. नात म्हणाली, "आजी, ठोकळ्यांऐवजी मी बसते ना!" तिला मी माझ्याजवळ पायरीवर बसवून घेतलं आणि हात सोडला नाही.

वळताना खटका ओढून दात वर उचलायचे, नाहीतर गवत सालपटासारखं निघतं आणि दांड्यालाही पीळ बसतो. मागच्या उतारावर जावई सरळ वर-खाली गेले, आडवे नाहीत. सिमेंटच्या वाटेवरून जाण्याआधी ठोकळे उतरवले, दात वर केले. हे सगळं दोन तासांत आटोपलं. दमले जावई, आणि दोनदा चहा झाला माझा!

संध्याकाळी दात धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून यंत्र परत पाठवलं. सोबत एक नवी क्लिप, सुतळीने दांड्याला बांधून.