गाडीला हात

हेलसिंकी शहरातील कल्लिओ नावाच्या ज्या चढउताराच्या वस्तीत माझे चिरंजीव सहकुटुंब राहतात, तेथे सकाळी नऊच्या सुमारास रस्त्याच्या कडेला उभे राहिले असता प्रथम दृष्टीस पडतात त्या बाबागाड्या. आणि त्या गाड्यांहूनही मला अधिक विस्मय वाटला तो त्या ढकलणाऱ्या हातांचा. दाढी राखलेले, धट्टेकट्टे, नोकरीधंद्याच्या ऐन वयातले पुरुष एका हाताने गाडी आणि दुसऱ्या हाताने कॉफीचा पेला सावरीत, आपण काही विशेष करीत आहोत असा आविर्भाव न आणता, चढ चढत असतात. मी महसूल खात्यातील नोकरीत फायली ढकलल्या, तगाईची प्रकरणे ढकलली, पावसाळ्यात चिखलात रुतलेल्या सरकारी जीपगाड्याही ढकलल्या. मूल तेवढे कधी ढकलले नव्हते.

बाबागाडी ही वस्तू मला अपरिचित होती असे मात्र नव्हे. माझे वडील वाईच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून असताना, पाचगणीचे बिऱ्हाड मोडून मुंबईला कायमच्या निघालेल्या एका पारशी कुटुंबाच्या सामानाचा लिलाव पुकारला गेला. वडील तेथे गेले होते लिहिण्याचे मेज घेण्यासाठी. मेज त्यांच्या ऐपतीबाहेर चढले, आणि जिच्यावर दुसरे कोणी बोलीच बोलेना अशी एक बाबागाडी एसटीच्या टपावर टाकून पसरणीच्या घाटाने ते घरी परतले. तारांच्या आऱ्यांची चार उंच चाके, त्यांवर रबरी धावा, काळ्या मेणकापडाचे उघडझाप करणारे छत, आणि ढकलण्यासाठी चिनी मातीची पांढरीशुभ्र मूठ, असा तिचा सारा थाट होता. परंतु आजीने तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालून जो निवाडा दिला त्यावर अपील नव्हते. “पोर म्हणजे काय हातगाडीवरची भाजी आहे, गल्लीगल्लीतून फिरवायला?”

त्यानंतर माझ्या धाकट्या भावाचे बारसे झाले ते तुळईच्या कडीला टांगलेल्या पाळण्यातच, आणि गाडी पडवीत गेली. तेथून मात्र तिचे कर्तृत्व बहरले. गिरणीवर जाणारे दळण तिच्यातून जाऊ लागले, बाजारातून गुळाची ढेप तिच्यातून येऊ लागली, आणि भाद्रपदात गणपतीची मूर्ती पाटासकट तिच्यात बसून, वर ते मेणकापडाचे छत धरलेली, पावसाचा एक थेंबही अंगावर न घेता दारी येई. पुढे तिचे तळ गंजून फुटले. चाकांपैकी एक माझ्या वाट्याला आले व ते काठीने गल्लोगल्ली पिटाळण्यात माझी एक उन्हाळ्याची सुटी गेली. मूठ तेवढी वडिलांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून कित्येक वर्षे होती. मूल सोडून सर्व काही त्या गाडीने वाहिले.

वडिलांनी तरी ती गाडी कोणासाठी आणली असावी, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. त्या काळी आमच्यासारख्या घरांतून वडीलधाऱ्यांच्या देखत बापाने स्वतःच्या अपत्याला उचलून घेणे हा मर्यादेचा भंग समजला जाई. पुतण्याला, भाच्याला, फार काय शेजाऱ्याच्या पोरालाही खुशाल खांद्यावर घ्यावे, पण पोटच्या पोराकडे चारचौघांत त्रयस्थाच्या नजरेने पाहावे असा अलिखित कायदा होता, आणि एकत्र कुटुंबातील सर्व लेकरांना सारखीच माया मिळावी हा त्यामागचा हेतू स्तुत्य असला, तरी त्याची अंमलबजावणी बापांच्या जिवावर होत असे. आई सांगे की, ओसरीवरून आजोबांचा खाकरा ऐकू आला रे आला की वडील मला घाईघाईने तिच्या मांडीवर ठेवीत आणि भिंतीवरच्या पंचांगात डोके घालीत. अशा माणसाला, ज्यात मुलाला प्रत्यक्ष हात न लावताही मुलाजवळ राहता येते अशा वाहनाचा मोह पडला असेल, तर त्यात नवल नाही. हा माझा तर्क. वडील असल्या गोष्टी बोलणाऱ्यांतले नव्हते.

माझ्या वेळेपर्यंत खाकरणारे कोणी उरले नव्हते, कारण पुण्याच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आम्ही तिघेच होतो. पण रस्ता आडवा आला. ज्या शहरात पदपथावर भाजीवाला, चांभार, विजेचा खांब आणि उघडे गटार यांनी आपापला हिस्सा वंशपरंपरेने वाटून घेतला आहे, तेथे बाबागाडी चालवावी तरी कोठे? आमची बाबागाडी म्हणजे वर्षानुवर्षे क्रमांक लागण्याची वाट पाहून मिळालेली चेतक स्कूटर, आणि तिच्या आसनापुढच्या रिकाम्या जागेत, हँडलला धरून, वाऱ्याला तोंड देत उभे असलेले चिरंजीव. आज कोणी असे करताना दिसले तर मीच त्याला चार शब्द सुनावीन, पण त्या वयातील मुलाच्या टाळूचा वास ज्याला स्कूटरवरच काय तो मिळाला, असे माझ्या पिढीचे पुष्कळ बाप निघतील.

हे चिरंजीव नात सहा महिन्यांची झाल्यावर पगारी रजा घेऊन घरी बसले, हे मी प्रथम ऐकले तेव्हा नोकरीत काही बालंट आले की काय, अशीच शंका मनात आली. फिनलंडमध्ये २०२२ सालापासून आई व बाप या दोघांच्याही नावे प्रत्येकी १६० दिवसांची रजा असते, त्यांपैकी काही दिवसच एकाला दुसऱ्याच्या खात्यावर वर्ग करता येतात, आणि बाकीचे बापाने घेतले नाहीत तर ते बुडतात. जन्मभर किरकोळ, अर्जित आणि वैद्यकीय रजांचे हिशेब तपासलेल्या मला त्या नियमातील मेख तत्काळ कळली. माया कायद्याने लावता येत नाही हे खरे. पण रजा बुडू द्यायची नाही ही वृत्ती जगभरच्या नोकरदारांत सारखीच आहे, आणि त्या सरकारने तिला हात घातला.

त्या सरकारच्या हिकमतीचा याहून जुना नमुना चिरंजिवांच्या घरी माळ्यावर पडलेल्या एका पुठ्ठ्याच्या पेटीत मला पाहायला मिळाला. बाळाचे कपडे, पांघरुणे, तळाशी बेतशीर गादी, असे सर्व साहित्य भरलेली ही पेटी प्रसूतीपूर्वी घरपोच येते आणि रिकामी झाल्यावर तीच तान्ह्याचे अंथरूण होते. १९३८ मध्ये ती गरीब मातांसाठी सुरू झाली, १९४९ पासून सरसकट सर्वांना मिळू लागली. अट एकच की चौथा महिना संपण्यापूर्वी गर्भवतीने वैद्यकीय तपासणी करून घेतली पाहिजे. बालमृत्यूंनी गांजलेल्या त्या दरिद्री देशाने डॉक्टरकडे जाण्याचा उपदेश करणारी फर्माने काढण्याऐवजी दुपट्यांचा गठ्ठा पुढे केला. प्रशासन म्हणतात ते याला. आम्ही मात्र फर्मानेच काढीत राहिलो.

परंतु सौ.चा व सूनबाईंचा जो एकमेव खटका उडाला तो गाडीवरूनच. दुपारी नातीला लोकरीत गुंडाळून, गाडीत निजवून, सूनबाईंनी गाडी सरळ अंगणातल्या बर्फात नेऊन उभी केली व त्या वर येऊन भांडी आवरू लागल्या. बाहेर पारा शून्याच्या खाली पाच अंशांवर होता.

“अगं, गारठेल की पोर!”

“आई, इथे सगळेच निजवतात. आत आणली तर अर्ध्या तासात उठेल.”

सौ. खिडकीपाशी जाऊन बसल्या त्या उठल्याच नाहीत. शेवटी आम्ही दोघे खाली उतरलो. सूनबाईंनी शिकविल्याप्रमाणे मी हातमोजा काढून पोरीच्या मानेमागे एक बोट घातले, आणि तिथे, त्या लोकरी टोपीच्या कडेखाली, ती इतकी ऊबदार, किंचित घामेजलेली लागली की माझ्याच बोटाचा गारठा तिला झोंबून तिने ओठ मुडपले. नाकपुड्यांतून निघणाऱ्या वाफेची एक चिमुकली रेघ मात्र संथपणे येत-जात राहिली. १९२०च्या दशकात आर्वो युल्प्यो या बालरोगतज्ज्ञाने मुडदुसावर उतारा म्हणून, काळोख्या व कोंदट घरांतून मुलांना उजेडात व मोकळ्या हवेत आणण्याचा आग्रह धरला, आणि तेव्हापासून हा परिपाठ पडला. उणे दहाच्या आसपास मात्र हात आखडता घेतात. युल्प्यो स्वतः १०४ वर्षे जगले, ही माहिती चिरंजिवांनी आईला पुरविली. तिचा उपयोग झाला नाही.

असाच परिपाठ डेन्मार्कातही आहे. १९९७ साली एका डॅनिश आईने न्यूयॉर्कमध्ये आपली चौदा महिन्यांची मुलगी गाडीत ठेवून गाडी उपाहारगृहाबाहेर उभी केली आणि आपण आत काचेआड बसली, तेव्हा पोलिसांनी तिला अटक केली. सौ.ची सहानुभूती पोलिसांकडे होती. मला मात्र वाटले की, गाडी बाहेर ठेवण्याला जे धैर्य लागते ते आईचे नसून रस्त्याचे असते. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला ओलांडून जाईल, पण तिला हात लावणार नाही, ही खात्री एकट्या आईला उत्पन्न करता येत नाही.

त्या खात्रीची सनद मी ट्रामगाडीत पाहिली. हेलसिंकीत बाबागाडीत बसलेल्या लहान मुलाबरोबर जो कोणी असेल त्याला बस, ट्राम, मेट्रो, फार काय सुओमेनलिन्ना बेटाकडे जाणारी फेरीबोटसुद्धा फुकट आहे. ही मेहेरबानी नव्हे. तिकिटाच्या पैशांसाठी गाडीवरचा हात सुटू नये एवढाच त्यातला व्यवहारी हिशेब आहे, असे सांगतात. पहिल्या दिवशी मी एकटाच नातीला घेऊन निघालो तेव्हा मधले दार उघडले, दोन अनोळखी माणसांनी न विचारता पुढची चाके उचलली, आणि मी आत जाऊन, खिशातले पाकीट हातात धरून, तिकीट घेणारा कोणी येतो का याची वाट पाहत राहिलो. कोणी आले नाही. कोणी खाकरलेही नाही.

त्या हिवाळ्यात मी पुष्कळ हिंडलो. फक्त सिनेट चौकातल्या पांढऱ्या कॅथिड्रलच्या उंच पायऱ्यांजवळ गाडी नेण्याचे मी कटाक्षाने टाळले, कारण पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमध्ये तरुणपणी पाहिलेला आयझेनस्टाइनचा ‘बॅटलशिप पोटेम्किन’ आणि त्यात ओदेसाच्या पायऱ्यांवरून घरंगळत जाणारी ती बाबागाडी माझ्या डोक्यातून कधीच गेली नाही. उतारावर मी मूठ दोन्ही हातांनी धरी व चाकांचा गतिरोधक पुनःपुन्हा तपाशी. या बाबतीत ओवेन मॅक्लॅरेन हा इंग्रज मला जवळचा वाटतो. स्पिटफायर विमानांच्या चाकांच्या रचनेवर काम केलेला हा अभियंता निवृत्तीनंतर स्वस्थ बसला असता. पण मॉस्कोहून आलेल्या लेकीची अवजड गाडी सावरताना उडालेली त्रेधा पाहून त्याने १९६५ मध्ये ॲल्युमिनियमची, छत्रीप्रमाणे मिटणारी गाडी तयार केली. नातवंडे झाल्यावर माणसाची विद्या कोठे कामी येईल, सांगता येत नाही. माझी रजेच्या नियमांपलीकडे गेली नाही.

वसंतात बर्फ उतरला, घसरू नये म्हणून रस्त्यांवर टाकलेली खडी नगरपालिकेने झाडून नेली, आणि नातीला पाय फुटले. ज्या गाडीत ती तासन्‌तास निजे तिच्यात तिला बसविण्याचा प्रयत्न केला की ती पाठीची कमान करून असा काही आकांत मांडी की, त्या शांतताप्रिय शहरातही लोक वळून पाहत. तिला गाडी हवी होती ती ढकलण्यासाठी. मुठीपर्यंत हात पोहोचत नसल्याने ती खालचा दांडा धरून, मान खाली घालून, गाडी कोठे चालली आहे याची यत्किंचितही पर्वा न करता ढकलीत सुटे, आणि मी पुढून, वाकून, वाट काढीत उलटा चाले. १९४२ पासून उन्हाळ्यात तेथील बागांतून मुलांना फुकट जेवण वाढतात; मुलांनी यावे ते आपापला वाडगा व चमचा घेऊन. आमची स्वारी रिकामी गाडी ढकलीत रांगेत उभी राहिली, आणि गाडीत होता केवळ वाडगा.

माझी परतण्याची वेळ जवळ आली तसे सूनबाईंनी गाडी विकावयास काढली. घ्यायला आला तो एक लाजरा तरुण. त्याच्या पत्नीचे दिवस भरत आले होते. त्याने उकिडवे बसून चारही चाके फिरवून पाहिली, गतिरोधक दाबून पाहिला, छत तीन वेळा उघडले व मिटले. मी सवयीप्रमाणे पावती लिहून द्यायला निघालो, तेव्हा चिरंजिवांनी मला डोळ्यांनीच दटावले. पैसे देऊन, गाडी घेऊन तो ट्रामच्या थांब्याकडे निघाला. रिकाम्या गाडीला सवलत नाही, हे त्याला सांगावे म्हणून मी खिडकी उघडली; पण त्याने तिकीट आधीच काढून ठेवले होते.