विहिरीतला बैल आणि रविवारची बिर्याणी

‘टार्गेट’ हा शब्द नोकरदाराला नवा नाही. पण टार्गेट देणारा पहिला साहेब कोण, हे पाहायचं असेल तर निर्गमाचा पाचवा अध्याय काढावा. इस्राएली लोकांनी देवाची उपासना करायला अरण्यात जाऊ द्या, म्हणून रजा मागितली. फारोने विटांसाठी लागणारा पेंढा देणं बंद केलं आणि विटांची संख्या मात्र तीच ठेवली. वर शेरा मारला, की ही माणसं आळशी आहेत, म्हणून यांना देव आठवतो. बेळगावच्या उद्यमबागेत हिशेबाचं काम करताना हा अध्याय मी वेगवेगळ्या भाषांत ऐकला आहे. माणसं कमी, माल तेवढाच. हल्ली त्याला ‘ऑप्टिमायझेशन’ म्हणतात.

शनिवारी रात्री दहा वाजता ऑफिसच्या ग्रुपवर निरोप येतो, ‘उद्या जमलं तर बघा.’ यातल्या ‘जमलं तर’चा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. चर्चमध्ये खुर्च्या लावणं आणि सूचना वाचणं ही माझी सेवा, त्यामुळे मिस्साच्या वेळी मी मागे उभा असतो. प्रवचन सुरू झालं की बऱ्याच माना खाली जातात. नव्या माणसाला वाटेल, काय ही भक्ती! मग मांडीवर निळा उजेड दिसतो.

२०२५च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं आठवड्याला ९० तास कामाचं बोलणं गाजलं. रविवारी माणसांना कामाला लावता येत नाही, याची त्यांना खंत होती. आठवड्याचे सातही दिवस धरले तरी रोजचे जवळजवळ तेरा तास होतात. मिस्साला वेळ मिळेल, पण ती पहाटे चारची असावी लागेल.

आपल्यातल्या अनेकांना वाटतं, की रविवारची सुट्टी मिशनऱ्यांनी आणि गोऱ्या साहेबांनी आणली. साहेबांच्या कचेऱ्या रविवारी बंद असत हे खरं. मुंबईच्या गिरणी कामगाराला मात्र ती सुट्टी नव्हती. ती मिळवून दिली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ते महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, ‘दीनबंधू’चे संपादक. १८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा घेऊन जे अर्ज केले, त्यांत आठवड्याच्या सुट्टीची मागणी होती. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली आणि पुढच्याच वर्षीच्या कारखाना कायद्यात ती आली. त्या कामगारांसाठी रविवार हा खंडोबाचा वार होता. आपण ज्या दिवशी निवांत चर्चला जातो, त्या दिवसाच्या सुट्टीसाठी खंडोबाची माणसं सहा वर्षं भांडली. त्यांचे आभार आपण क्वचितच मानतो.

चौथ्या आज्ञेचा अर्थही ‘तू विसावा घे’ एवढाच नाही. (आपल्या धर्मशिक्षणात ती तिसरी मोजतात, पण आज्ञा तीच.) त्यात यादी आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, जनावरं, वेशीच्या आत राहणारा परका. अनुवादात कारणही दिलं आहे. तुम्ही स्वतः मिसरात गुलाम होता, ते आठवा. म्हणजे हा दिवस माझ्या सुट्टीचा आहेच, पण माझ्यासाठी राबणाऱ्याच्या सुट्टीचा आधी आहे. यादीत बायकोचं नाव नाही, हे आमच्या घरी लगेच लक्षात आणून दिलं गेलं. “आपल्या घरच्या यादीत तरी कुठं आहे?” असंही विचारलं गेलं.

आता आमच्या अंगणातली गोष्ट. कॉयरमध्ये टेनर गाणारा एक मुलगा आहे. दोन वर्षांपासून तो जेवणाचे डबे पोचवतो. रविवारी मागणी जास्त, म्हणून त्या दिवशीचा जादा पैसाही जास्त. कंपनी त्याला कामगार म्हणत नाही, ‘पार्टनर’ म्हणते. पार्टनरला साप्ताहिक सुट्टी कसली? तो कंपनीचा टी-शर्ट घालूनच येतो, दाराशी उभा राहतो आणि फोन वाजला की क्रुसाची खूण करून निघतो. मिस्सा संपल्यावर अंगणात आपण चारजण बोलत उभे असतो आणि कुणीतरी म्हणतं, “आज बिर्याणीच मागवूया.” ती घेऊन येणारा कधी कधी तोच असतो.

यावर लगेच उत्तर मिळतं, की प्रभूनेही शब्बाथ दिवशी माणसं बरी केली. खरं आहे. विहिरीत पडलेला बैल काढायला कुणी दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही, हे त्यानेच परूशांना सुनावलं. म्हणून नर्स, एसटीचा ड्रायव्हर, वायरमन यांचं रविवारचं काम ही सेवाच आहे. पण बिर्याणी म्हणजे विहिरीतला बैल नव्हे.

हे पॅरिश कौन्सिलमध्ये मी मांडलं. बैठक अर्थातच रविवारी, मिस्सानंतर, दोन तास चालली. एका काकूंनी सरळ विचारलं, “बिर्याणी मागवायची नाही, तर रविवारी चुलीपुढे कोण उभं राहणार?” पुरुषमंडळी पंख्याकडे बघू लागली. काकूंचा प्रश्न रास्त होता. एकाच्या सुट्टीसाठी दुसरीची सुट्टी घालवणं हाही फारोचाच हिशेब झाला. शेवटी असं ठरलं, की ज्याला जमेल त्याने शनिवारी रात्रीच रविवारचं करून ठेवावं आणि त्यात पुरुषांनीही हात लावावा. हे ‘जमेल त्याने’ ऑफिसच्या ‘जमलं तर’सारखं समजू नये, असं फादरनी हसत सांगितलं.

मग फादरनीच विचारलं, “आपल्या वॉचमनदादांची सुट्टी कधी असते?” कुणालाच सांगता येईना. चर्चचं फाटक उघडणारा माणूस आठवड्याचे सातही दिवस फाटकापाशी होता आणि आपण आत बसून मिसरातल्या गुलामांचं वाचन ऐकत होतो. आता मंगळवार त्यांचा, पगार न कापता. त्या दिवशी फाटकावर आम्ही पाळीपाळीने बसतो.

कॉयरमधला मुलगा अजून दाराशीच उभा असतो. त्याच्या पोटाचा प्रश्न आपल्या एका ठरावाने सुटणार नाही. पण त्याने क्रुसाची खूण करून बाहेर धाव घ्यावी, याचं कारण निदान आपली ऑर्डर नसावी. एवढं आपल्या हातात आहे. या मंगळवारी दुपारी चार ते सहा फाटकावर कुणी नाही. नाव माझ्याकडे द्यावं.