खांद्यासाठी विणलेलं

बंदूक घडवणारा शत्रूचा विचार करतो. पट्टा विणणारा आपल्या माणसाच्या खांद्याचा. ब्रिटिश पायदळाचे जुने पट्टे, पाउच आणि पाठपिशव्या जमवण्याचा नाद मला लागला तो या दुसऱ्या विचारापायी.

बोअर युद्धात चामड्याचा साज सैनिकाला पुरा पडला नाही. पावसात तो ताणला जाई, वाळला की कडक होई. 1908 साली मिल्स कंपनीने जाड सुती पट्ट्यांचा साज विणला. कमरेचा पट्टा तीन इंच रुंद, खांद्यांवरचे दोन इंच. पुढे दोन्ही बाजूंना पाच-पाच पाउच, प्रत्येकात पंधरा काडतुसं. म्हणजे अंगावर दीडशे. पाठीवर मोठी पिशवी, बाजूंना पाण्याची बाटली, संगीन, खंदक खणायचं अवजार. एवढा पसारा बंडीसारखा एका झटक्यात अंगात चढे आणि तसाच उतरे. पुढच्या काडतुसांचा भार मागच्या पिशवीला तोलून धरी.

मग पहिलं महायुद्ध आलं. खंदकाच्या मातीला छाती टेकून नेम धरताना डावीकडच्या पाउचची झाकणं उघडत आणि काडतुसं गळत. म्हणून त्या पाउचना आतून आवळायचा छोटा पट्टा लागला. तो पट्टा बोटांनी चाचपताना चिखलात लवून काडतुसं शोधणारा कुणी अनाम शिपाई मला दिसतो. त्याची तक्रार मागावर पोचली, हे केवढं मोठं!

1937 च्या साजात ते दहा पाउच गेले. छातीवर दोनच मोठे पाउच आले, ब्रेन मशीनगनची मॅगझिनं मावतील असे. हाच साज भारतीय पलटणींनीही वागवला. 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे मशीनगनच्या मोर्च्यावर एकटे तुटून पडले. मॅगझिन बदलायलाही उसंत नव्हती. त्यांनी टॉमीगन नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिनेच लोळवलं. तिथेच ते धारातीर्थी पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पाउचवरचं पितळी बटण उघडताना मला ती न मिळालेली उसंत आठवते आणि हात थबकतो.

ब्रह्मदेशाच्या जंगलात सुती पट्टे भिजून जड होत. त्यातून 1944 चा हलका, पाण्याला दाद न देणारा साज जन्मला. प्रत्येक नमुना हे असं आधीच्या पिढीच्या हालांना दिलेलं उत्तर आहे.

जुना पट्टा हाती आला की काहीजण तो साबणाने खळखळून धुतात. धुऊ नये. पट्ट्यावर ब्लँकोचे थर असतात; त्या हिरवट-खाकी वड्या ओल्या ब्रशाने घासून सैनिक आपला साज सजवत. आतल्या बाजूला कारखान्याचा शिक्का, साल, सरकारी बाणाची खूण आणि कधी शाईने लिहिलेला शिपायाचा क्रमांक असतो. धुतलं की माणूस जातो, कापड उरतं.

आणि जमवायचं तर अख्खा साज जुळवावा. सुटा पाउच कपाटात शोभून दिसतो, पण तो कशाला तोलत होता ते सांगत नाही. सगळे पट्टे जोडून, पिशव्या भरून तो एकदा अंगावर चढवावा. माणसाने काय काय वाहिलं आणि ते त्याला वाहता यावं म्हणून दुसऱ्या कुणी किती जीव लावला, हे दोन्ही खांद्यांनाच कळतं.