मधली शांतता

बी.एड.ला असताना वाचन कौशल्य या घटकात विराम, आघात, आरोह-अवरोह यांवर मी पानंच्या पानं लिहिली होती. गुणही चांगले मिळाले. पुढे वर्गात ‘रोको मत जाने दो’ हे उदाहरण तर किती वेळा दिलं असेल. ‘रोको’नंतर थांबलात तर माणूस अडवला जातो, ‘मत’नंतर थांबलात तर सुटतो. एवढं शिकवूनही विरामाचं खरं वजन मला चाळिशी उलटल्यावर, लॅपटॉपवर आवाज कापताना कळलं.

२०२०च्या टाळेबंदीत मी उर्दू आणि मराठीचे धडे मोबाईलवर रेकॉर्ड करून पालकांना पाठवू लागले. व्हिडिओला त्यांचा डेटा पुरायचा नाही, ऑडिओ चालायचा. पण धड्याच्या मागे पंखा, कुकरची शिट्टी, गल्लीतली भांडणं. ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. तो मुंबईत मालिकांचे संवाद संपादित करतो. वर्गात शेवटच्या बाकावर बसून खिडकीबाहेरचे आवाज ऐकत बसायचा, त्यासाठी मी त्याला कितीदा उभं केलं होतं!

“टीचर, मूळ फाईलला हात लावायचा नाही. काम नेहमी कॉपीवर,” हा त्याचा पहिला धडा. दुसरा असा, की बोलायच्या आधी अर्धा मिनिट गप्प बसून रेकॉर्डिंग चालू ठेवायचं. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो. वाक्यातलं काही काढलं की त्या जागी हाच आवाज भरायचा. नुसती कोरी पट्टी ठेवली तर ऐकणाऱ्याला वाटतं, फोन कट झाला. तिसरं, कुठे कापायचं. ‘प’, ‘त’, ‘क’ उच्चारण्याआधी तोंडातली हवा क्षणभर अडते, तिथे कापलं तर कळत नाही. ‘आ’च्या मधोमध कापलं की ‘टक्’ वाजतं. व्यंजनांची उच्चारस्थानं मी वीस वर्षं फळ्यावर काढत आले, ती इथे कामाला येतील असं कधी वाटलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मीच त्याला दाखवली. पंख्याची घरघर घालवायला आधी सॉफ्टवेअरला नुसत्या घरघरीचा नमुना द्यावा लागतो, मग ते तसा आवाज सगळीकडून पुसत जातं. मी हौसेने जोरात पुसलं, तर ‘ख़’चा ‘ख’ झाल्यासारखा वाटू लागला आणि ‘चोर’मधला ‘च’ बोथट झाला. हे घासून निघणारे वर्ण यंत्राला घरघरीसारखेच वाटतात. ज्याला भाषा येत नाही त्या संपादकाला हे नुकसान ऐकूही येणार नाही. तेव्हापासून मी थोडं पुसते, थोडा पंखा राहू देते.

पुण्याच्या एफटीआयआयमध्ये ध्वनीचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, २००९मध्ये ऑस्कर घेणारे रसूल पुकुट्टी तिथेच शिकले, हे मी एकदा जेवताना घरी सांगितलं. नवरा म्हणाला, “म्हणजे आता तुझं तिकीट काढायचं का?” हसले खरी, पण डोक्यात थोडी हवा गेलीच होती.

शाळा सुरू झाल्यावर गॅदरिंगसाठी मुलांचे निबंध त्यांच्याच आवाजात ऐकवायचं ठरलं. आठवीतल्या एका मुलीने आईच्या शिलाई मशीनवर लिहिलं होतं. निबंध सुंदर, पण ती बोलताना अडखळते. शब्दाच्या दारात थांबते, पहिलं अक्षर तीन-चारदा येतं. रेकॉर्डिंग सात मिनिटांचं झालं. मी दोन रात्री बसून प्रत्येक अडखळ काढली, श्वास काढले आणि फाईल साडेचार मिनिटांवर आणली. एकही जोड कळत नव्हता. लाऊडस्पीकरवर ते वाजलं, टाळ्या पडल्या. तिच्यावर मोठे उपकार केल्यासारखी मी मागे उभी.

दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूमच्या दाराशी आली. “टीचर, वो मैं नहीं थी.” मग खाली बघत, “सब बोल रहे, वैसा पढ़ के बता.”

मला बोलताच येईना. तिचा रोजचा वर्ग मी तिच्यासाठी आणखी अवघड करून ठेवला होता.

मूळ फाईल होती, हे त्या शेवटच्या बाकाचे उपकार. शनिवारी शाळा सुटल्यावर दोघी बसलो. हेडफोन तिच्या कानावर, माऊस माझ्या हातात. “कुठे कापू ते तू सांग,” म्हटलं. ती ऐकत राहिली. ‘अम्मी’ म्हणण्याआधी ती बराच वेळ थांबली होती. माझा हात सवयीने पुढे गेला, तिने मान हलवली. राहू दिलं. मशीनच्या पायडलचं वर्णन करताना ‘प’ चारदा आला होता, तिथे तिला हसू आलं. तेही राहिलं.

कापायला सांगितलं ते तीन ठिकाणी, आणि तिन्ही ठिकाणी आवाज माझा होता. ती अडली की मी माईकच्या बाजूने हळूच म्हटलं होतं, “हं, पुढे.” दोन रात्री मी ते तुकडे तिच्या अडखळण्याबरोबर काढत होते, पण मला ते ऐकूच आले नव्हते. ते काढले आणि त्या जागी खोलीची शांतता भरली.